फोन लॉकरमध्ये, वचन पाठ

औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये सुटा कागद चालत नाही. चिठ्ठी, डायरी, कॅलेंडरचं मागचं पान, काहीच नाही. वजनकाट्यावर जे वजन आलं, पीएच मीटरवर जे रीडिंग दिसलं, ते तिथल्या तिथे क्रमांक टाकलेल्या वर्कशीटवर लिहायचं. खोडायची वेळ आली तर एक सरळ रेघ, बाजूला सही, तारीख आणि कारण. टेबलावर नुसता कोरा कागद दिसला तरी ऑडिटर विचारतो, “हा कशासाठी ठेवलाय?” मोबाइल दाराबाहेरच्या लॉकरमध्ये. मी रबाळ्याच्या एमआयडीसीत अशाच एका लॅबमध्ये केमिस्ट आहे आणि हे नियम मला मनापासून पटतात. त्या गोळ्या शेवटी कुणीतरी आजारी माणूस विश्वासाने गिळणार असतो. पण त्यामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत माझ्याजवळ ना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, असतं, ना त्याचं अ‍ॅप, ना वचन लिहिलेला कागद. दिवस वचनावर चालवायचा, असं लहानपणापासून ऐकत आलेल्या बाईने हे नऊ तास कसे काढायचे? मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कामावर जाणाऱ्या बायका एकमेकींना हाच प्रश्न विचारतात. मला जे जमत गेलं ते सांगते.

आमचं घर मूळचं नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांपासून मंडळीतलं. रात्री नऊला घरची प्रार्थना आणि सकाळी प्रत्येकाने आपापला अध्याय वाचायचा, ही माहेरची रीत. लग्न होऊन ठाण्यात आले, तीच रीत सासरीही होती. मुलं लहान होती, मी घरी होते, तोवर सकाळ माझी होती. नोकरी परत सुरू केली, सासूबाईंची तब्येत बिघडली, थोरल्याची दहावी आली. पाणी येतं त्याच वेळात भरायचं, तीन डबे, सासूबाईंच्या गोळ्या, आणि नऊ नंबरवरून सुटणारी गाडी. सकाळच्या अध्यायाला त्यात जागा उरली नाही. वाचायला बसले तरी कान कुकरकडे. रात्रीची प्रार्थना टिकली, पण तिच्यात मी बहुतेक वेळा झोपेला अडवत बसलेली असायची.

त्या वर्षी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू होण्याआधीच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोलले. वाटलं होतं, ते म्हणतील, अर्धा तास आधी उठा. ते म्हणाले, “बाई, वेळ काढा असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्याकडे तो नाही, मला दिसतंय. तुम्ही पाठ करा.” मग त्यांनी लेंटच्या पहिल्या रविवारचंच वचन पुढे केलं. प्रभू येशू अरण्यात ४० दिवस उपाशी होता. सैतानाने तीनदा मोह घातला आणि प्रभूने तिन्ही वेळा शास्त्रातूनच उत्तर दिलं. तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. “त्याच्या हातात तिथे शास्त्राची गुंडाळी होती का?” पाळकसाहेबांनी विचारलं. मी हा भाग कितीदा वाचला होता. पण त्या प्रश्नाने मला माझ्या लॅबचं दार दिसलं. आत जाताना हात रिकामेच असतात. जे आत येईल ते पाठ असलेलंच.

घरी येऊन विचार करत गेले, तशी एकेक गोष्ट जुळत गेली. ११९वं स्तोत्र सगळ्यांत लांब, १७६ ओव्यांचं. पण मूळ इब्री भाषेत ते २२ अक्षरांवर बांधलंय, दर अक्षराला आठ ओव्या, आणि त्या आठही त्याच अक्षराने सुरू होतात. अक्षर आठवलं की ओवी आठवावी, अशी ती सोय असणार. मरियेने अलीशिबेच्या घरी जे गीत म्हटलं त्यात शमुवेलाची आई हन्ना हिच्या प्रार्थनेचे किती सूर आहेत! नासरेथच्या मुलीकडे कुठली पुस्तकं असणार? तिच्या ओठांवरच ते होतं. आणि वधस्तंभावर प्रभूच्या तोंडून २२व्या आणि ३१व्या स्तोत्रातले शब्द आले. आपण पाठांतर संडे स्कूलच्या मुलांवर सोडून दिलंय. नाताळच्या कार्यक्रमात त्यांनी स्टेजवर वचनं म्हणायची आणि आपण टाळ्या वाजवायच्या. खरी गरज मोठ्यांना आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. मुलांपुढे दिवसभर पुस्तकं असतात. आपल्यापुढे काम असतं.

मी १२१वं स्तोत्र घेतलं. आठच ओव्या. यरुशलेमेला सणासाठी चढून जाताना यात्रेकरू म्हणायचे त्या १५ स्तोत्रांपैकी, १२० ते १३४, हे दुसरं. म्हणजे प्रवासात म्हणण्यासाठीच ते आहे, आणि माझाही रोजचा प्रवास आहे, म्हणून हेच निवडलं. आठवड्याला एक ओवी, त्याहून जास्त नाही. रविवारी रात्री घरच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायची. सोमवारी गाडीत फोनवर पाहत म्हणायची, मंगळवारपासून न पाहता. गाडी ठाण्याहून सुटते, कळव्याच्या बाजूने खाडी ओलांडते, दिघा गाव, ऐरोली आणि मग रबाळे. दिघा गाव स्टेशन २०२४ साली सुरू झालं तेव्हा गाडी आता एक थांबा जास्त घेणार म्हणून डब्यात कुरकुर झाली होती. मला त्या मिनिटाचाही उपयोग झाला.

दिघ्यापासून डाव्या हाताला पारसिकचा डोंगर लागतो. १२१व्या स्तोत्राची पहिली ओवी डोंगराकडे दृष्टी लावण्याची आहे, आणि साहाय्य कोठून येईल असं विचारण्याची. पहिले काही दिवस मला वाटलं, किती छान योग, डोंगर समोरच आहे. मग नीट पाहू लागले. पारसिकच्या कितीतरी बाजू खाणींनी खाल्ल्या आहेत. हिरव्या उतारात मध्येच पिवळसर, उघडा पडलेला कडा दिसतो. आणि दुसरी ओवी पाठ होत असताना कळलं, की साहाय्य डोंगराकडून येतं असं स्तोत्रकर्ता म्हणतच नाही. डोंगर तर कापलाही जातो. साहाय्य आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याकडून येतं. नुसती वाचून गेले असते तर या दोन ओव्यांमधली ही पायरी मला कधी दिसली नसती. एकच ओवी आठवडाभर तोंडात राहिली की ती आपल्याला सोडत नाही, प्रश्न विचारत राहते.

ओवी गाडीत पाठ व्हायची, पण लॅबमध्ये शिरलं की डोकं कामात जायचं आणि थेट संध्याकाळी आठवायची. म्हणून मी ती कामातल्याच ठरलेल्या गोष्टींना बांधली. लॅबमध्ये जाताना आधी चपला काढून आतले बूट घालायचे, मग केसांवर टोपी, मग एप्रन, हात धुणं, गॉगल, ग्लव्ह्ज. हे रोज याच क्रमाने होतं, त्याचा विचार करावा लागत नाही. बूट घालताना म्हणायचं, तो तुझा पाय घसरू देणार नाही. ही तिसरी ओवी, आणि लॅबच्या ओल्या फरशीवर ती अगदी शब्दशः लागू पडते. हात धुताना पाचवी, परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला तुझी सावली आहे. संध्याकाळी एप्रन काढून लॉकर उघडताना आठवी, तुझं जाणं-येणं तो सांभाळील. लोकलने जाणाऱ्या माणसाला ही आठवी ओवी किती जवळची वाटते ते लोकलवाल्यांनाच कळेल.

आता कामाच्या ऐन मध्यात काय, ते सांगते. गोळी पोटात गेल्यावर ठरलेल्या वेळात विरघळते की नाही, हे बघायची आमच्याकडे एक चाचणी असते, डिझोल्यूशन. पाण्याच्या बाथमध्ये काचेची सहा भांडी, तळाशी गोल. प्रत्येकात बहुतेक वेळा ९०० मिली द्रावण, तापमान ३७ अंश सेल्सिअस, आपल्या शरीराचं असतं तेच. अर्ध्या अंशापेक्षा जास्त वर-खाली चालत नाही. प्रत्येक भांड्यात वरून एक पॅडल फिरत असतं. सहा गोळ्या एकेक करून सोडायच्या, टाइमर लावायचा आणि ठरलेल्या मिनिटाला प्रत्येक भांड्यातून नमुना काढायचा. मधल्या वेळात तिथून हलता येत नाही. गोळी तळाशी जाऊन बसते, कडेने पांढरा धूर उठल्यासारखं द्रावण सुटायला लागतं, कधी वरचं आवरण आधी सुटून पापुद्र्यासारखं तरंगतं. पॅडल फिरतंय ना, बुडबुडा अडकला नाही ना, गोळी भांड्याला चिकटली नाही ना, एवढंच पाहायचं. हात मोकळे असतात.

इथे मी सहा भांड्यांना सहा माणसं दिली. पहिलं सासूबाईंचं. मग घरातले तिघे. पाचव्यावर मंडळीतलं कुणीतरी, ज्याच्यासाठी त्या रविवारी प्रार्थनेची विनंती आली असेल. सहावं माझ्या ओळखीबाहेरच्या माणसाचं, जो या बॅचची गोळी घेणार आहे त्याचं. तो कुठे आहे मला माहीत नाही. जळगावला असेल, आसामात असेल. त्याला रक्तदाब असेल, बिल भरायची चिंता असेल. प्रभू, तू त्याला ओळखतोस. लांबलचक प्रार्थना नाही, एका भांड्याकडे पाहताना एक वाक्य. ही सहावी प्रार्थना करायला लागल्यापासून माझं काम मला वेगळंच दिसू लागलं. इतकी वर्षं मी बॅच तपासत होते, आता माणसासाठी तपासते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायची आहे. पिपेट हातात असताना मी प्रार्थना करत नाही. वजन घेताना नाही, गणित करताना नाही. तिथे सगळं लक्ष कामावरच हवं, आणि ते लक्षही प्रभूलाच दिलेलं असतं. प्रेषित पौलाने कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या मंडळीला, लिहिलं ते हेच. जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. त्याने हे दासांना लिहिलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या आणि स्वतःचा एक तासही हातात नसलेल्या माणसांना. आणि तो स्वतः करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत बसलेला माणूस. टोचणारा दाभण हातात असताना त्याचंही लक्ष दाभणावरच असणार. “काम करता करता सतत नामस्मरण करा” असं कुणी सांगितलं की मी नम्रपणे म्हणते, ज्याच्या कामात दुसऱ्याचा जीव आहे त्याने आधी काम नीट करावं. मधल्या जागा देवाने पुष्कळ ठेवल्या आहेत.

ज्या दिवशी हे सगळं पणाला लागलं, तो दिवस मी पूर्वी एका कंपनीत होते तेव्हाचा. महिनाअखेर होती, माल गाडीत चढायचा बाकी. माझ्याकडे त्या बॅचचा अ‍ॅसे होता, म्हणजे गोळीत औषध लेबलवर लिहिलंय तेवढं आहे की नाही ते. मर्यादा ९५ ते १०५ टक्के आणि माझा आकडा ९५च्या खाली आला. आमच्या भाषेत ओओएस, आउट ऑफ स्पेसिफिकेशन, म्हणजे मर्यादेबाहेर. अशा वेळी नियम ठरलेला आहे. तयार केलेली द्रावणं फेकायची नाहीत, वरिष्ठांना कळवायचं आणि चौकशी सुरू करायची. पहिली चौकशी केमिस्टचीच होते. वजन बरोबर घेतलं का, फ्लास्क कुठला वापरला, डायल्यूशन कसं केलं, गणित दाखवा. चूक सापडली नाही तर मग प्रॉडक्शनकडे मोर्चा वळतो. पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचं आणि चांगला आकडा तेवढा ठेवायचा, हे चालत नाही. १९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं, आणि आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये तो खटला शिकवतात.

शिकवतात, पण महिनाअखेर महिनाअखेरच असते. एक वरिष्ठ लॅबमध्ये आले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडून कुठेतरी घाईत झालं असेल. नवं सॅम्पल घ्या, हे राहू द्या.” धमकी नव्हती, आवाजही चढला नव्हता. ते उत्तराची वाट पाहत उभे होते.

त्या लेंटमध्ये पाळकसाहेब बुधवारच्या सभांत जुन्या करारातलं नहेम्याचं पुस्तक घेत होते. नहेम्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे नोकरदार माणूस. द्राक्षारसाचा प्याला देत असताना राजा त्याला विचारतो, तुझं तोंड असं का उतरलंय, तुला काय हवंय? आणि पुस्तकात लिहिलंय, की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. राजाच्या प्रश्नात आणि नोकराच्या उत्तरात असा किती वेळ असणार? एक श्वास. डोळे मिटायला, गुडघे टेकायला जागा नाही. पाळकसाहेबांनी पुढे जे दाखवलं ते मला फार मोलाचं वाटतं. नहेम्याला यरुशलेमेच्या दुर्दशेची बातमी किसलेव महिन्यात मिळाली होती आणि राजाचा प्रश्न आला नीसान महिन्यात. मधले चार महिने तो उपास करून, रडून प्रार्थना करत होता. ती एका श्वासाची प्रार्थना त्या चार महिन्यांवर उभी होती.

मीही एक श्वास घेतला. माझ्या मनात त्या क्षणी काही मोठं आलं नाही. डोंगरावरच्या प्रवचनातलं, होय तर होय, नाही तर नाही, एवढंच आलं. तेही पाठ होतं म्हणून आलं. मी म्हणाले, “सर, द्रावण मी ठेवलंय. ओओएस फॉर्म भरते, तुम्हीही सही करा.” ते काही न बोलता गेले. चौकशी बरेच दिवस चालली. माझी वर्कशीट, माझे फ्लास्क, माझी बॅलन्स, सगळं तपासलं गेलं. लॅबमधली चूक सापडली नाही आणि बॅच अडकली. मला कुणी शाबासकी दिली नाही. त्या गृहस्थांनी पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तेवढ्या दिवसांत सहावं भांडं त्यांच्या नावाचं होतं. मनापासून सांगते, ते सोपं गेलं नाही. पण ज्याच्यासाठी रोज एक वाक्य देवाजवळ बोलतो त्याच्याबद्दल जेवणाच्या टेबलावर वाईट बोलवत नाही. नहेम्याने ज्या राजासमोर प्रार्थना केली तो परक्यांचा राजा होता, आणि तरी नहेम्या त्याच्याशी आदरानेच बोलला.

जेवणाच्या टेबलाचंही थोडं सांगते. आमच्या टेबलावर उत्तनची एक कॅथलिक मैत्रीण आहे. ती बाराला, शक्य असेल तिथे, आंजेलसची प्रार्थना म्हणते. गावात चर्चची घंटा सकाळी, दुपारी, संध्याकाळी व्हायची तेव्हा शेतातली आणि होडीवरची माणसं थांबायची, हे ती तिच्या आजीकडून ऐकून आहे. आता घंटा नाही, कॅन्टीनच्या घड्याळावर ती पाहते. मी प्रोटेस्टंट, आमच्याकडे ही प्रार्थना नाही, पण दिवसाला तीन खुंट्या ठोकून ठेवण्याची ही रीत मला आवडते. दानीएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकायचाच. ठाण्यात तर ख्रिस्ती प्रार्थना किती जुनी आहे! १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्याशांना इथे ठाण्यात विश्वासासाठी मरण आलं. ही गोष्ट मला त्याच मैत्रिणीने सांगितली. आम्ही दोघी डबा उघडायच्या आधी डोळे मिटतो. बाकीच्या मैत्रिणी तेवढा वेळ चमचा खाली ठेवून थांबतात. कुणीच हे ठरवून सुरू केलं नाही, आपोआप झालं. गुरुवारी उपास असणारी एक जण म्हणते, “तुमचं होऊ दे, मग बोलते.” तिचा नातू जन्मल्यावर काचेत ठेवला होता तेव्हा तीच म्हणाली, “ताई, तुझ्या येशूला सांग गं.” त्या दिवशी पहिलं भांडं त्या बाळाला गेलं, सासूबाईंना विचारूनच. त्या म्हणाल्या, “दे की. मी म्हातारी थांबते.”

संध्याकाळच्या गाडीत बऱ्याचदा उभंच राहावं लागतं. लेडीज डब्यात काही बायका भजन म्हणतात, टाळ असतात, तुकोबांचे अभंग असतात. कुणी विचारतं, तुम्हाला त्रास होत नाही का? मला का व्हावा? आमच्या उपासनेत ज्यांची पदं आम्ही म्हणतो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः सांगायचे, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांना नवा करार पहिल्यांदा मिळाला तोही आगगाडीत. राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने ते पुस्तक त्यांच्या हाती दिलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. पुढे १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणून गाडीच्या डब्याला मी देवाच्या कामासाठी अयोग्य जागा मानत नाही. टाळांच्या ठेक्यावर माझी ओवी मनात चालते, आणि अभंग कानावर पडतात तेही चांगलेच असतात.

लॅबमधल्या या लहान प्रार्थना पोकळ होऊ नयेत म्हणून रात्रीची प्रार्थना मी सोडली नाही. उलट नहेम्याचे ते चार महिने ऐकल्यापासून ती मला अधिक लागते. फक्त तिची वेळ आम्ही बदलली. जेवणानंतर सगळेच पेंगायचे, म्हणून आता जेवणाआधी, मी आल्यावर हात-पाय धुतले की लगेच. धाकटी ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातलं एक गीत काढते, सासूबाई होत्या तोवर त्या खाटेवरूनच सूर धरायच्या, नवरा अध्याय वाचतो आणि मी त्या आठवड्याची ओवी न पाहता म्हणते. चुकले की धाकटी पुस्तकात बोट ठेवून टोकते. तिला त्यात फार आनंद होतो. दहा-बारा मिनिटांत उरकतं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणेपर्यंत सगळ्यांना भूक लागलेली असते आणि ते वाक्य त्या वेळी खरं वाटतं.

असेही आठवडे येतात की ओवी तोंडात असते आणि मन कोरडं असतं. ऑडिट तोंडावर असतं, सासूबाई होत्या तेव्हा त्यांची रात्र वाईट गेलेली असायची, बूट घालताना शब्द नुसते निघतात. मला या कोरडेपणाची आता भीती वाटत नाही. वाचनाला मन लागावं लागतं, मन नसलं की पान पुढे सरकत नाही. पाठ असलेलं वचन मन नसतानाही तिथेच असतं. कधी चार दिवसांनी, नमुना गाळत असताना, एकदम त्याचा अर्थ लागतो आणि मी जागच्या जागी उभी राहते. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना दिवस-वार कळेनासे झाले होते, नातवंडांची नावं उलटसुलट व्हायची. पण २३वं स्तोत्र सुरू केलं की त्या बरोबर पुढचा शब्द म्हणायच्या. त्यांनी ते मिशनच्या शाळेत पाटीवर गिरवलं होतं. त्या गेल्यावर पहिलं भांडं काही दिवस मी तसंच सोडलं. आता ते सासऱ्यांचं आहे.

सध्या आमच्या मंडळीतल्या आम्ही चौघी हे एकत्र करतो. एक कळव्याच्या रुग्णालयात परिचारिका आहे, एक बँकेत काउंटरवर, एक महापालिकेच्या शाळेत शिकवते. शनिवारी रात्री प्रत्येकीने आपली ओवी न पाहता म्हणून आवाजी मेसेज पाठवायचा, एवढाच नियम. बँकवालीला माझी सहा भांड्यांची पद्धत उपयोगाची नव्हती, तिच्यासमोर सतत माणूस असतो. तिने टोकनचा नंबर बदलतो तेवढा वेळ धरला. पुढचा माणूस खुर्चीपर्यंत येईतो त्याच्यासाठी एक शब्द. शाळेतली बाई हजेरी घेताना प्रत्येक नावामागे मनात ‘प्रभू’ जोडते. परिचारिकेला मात्र बरेच दिवस काही सापडत नव्हतं. रात्रपाळीत एका वॉर्डात इतके रुग्ण, की मधली जागाच नाही असं ती म्हणायची. मग एकदा तिने सांगितलं, की नाडी मोजताना घड्याळाकडे पाहत मनगट धरून गप्प उभं राहावं लागतं. तेव्हा ती मोजण्याकडेच लक्ष ठेवते, आणि आकडा लिहून झाला की हात सोडायच्या आधी १२१व्या स्तोत्राची चौथी ओवी म्हणते, इस्राएलाचा रक्षक झोप घेत नाही, डुलकी घेत नाही. या लेंटला आम्ही १०३वं स्तोत्र घेतलंय, २२ ओव्यांचं. ईस्टरपर्यंत ते पुरं होणार नाही. त्यानंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टपर्यंतही नाही. घाई कुणालाच नाही.